दोन मार्कांचा दगड

‘तुम्ही माझं उत्तर वाचलंच नाहीत. वाचलं असतंत तर शून्य दिलं नसतंत.’

चांगदेवनं एवढं लिहिलं आणि ‘नसतंत’खाली अशी काही रेघ ओढली, की अंतर्देशीय पत्राचा पातळ कागद फाटून रिफिलीचं टोक खालच्या पाटात रुतलं.

चुलीपाशी बसलेली केशरबाई मागं न बघताच म्हणाली,

“पत्र लिवताय का सुरुंगाची भोकं पाडताय?”

“दोनी एकच हाय,” चांगदेव म्हणाला आणि त्यानं नवा कागद घेतला.

तीस वर्षं तो विहिरी खणत होता. वारूळवाडीपासून पार घोडनदीच्या काठापर्यंत निम्म्या विहिरींच्या तळाला त्याचे पाय लागले होते. मुरूम किती हातांवर संपेल, पोकळ्यांचा मऊ खडक कुठं लागेल आणि काळा पाषाण पहारीला कुठं हसेल, हे तो काठावर उभा राहून सांगायचा. सुरुंग तोच ठासायचा, बत्तीही तोच द्यायचा. कागदावर मात्र ती बत्ती सावळेराम देत असे. परवाना सावळेरामच्या नावावर. तो विहिरीपासून दोन शेतं लांब बाभळीखाली घोंगडी टाकून झोपायचा आणि सुरुंग उडाला की कूस बदलायचा.

चांगदेवनं स्वतःच्या नावानं परवाना मागितला तेव्हा अर्जावरचा एक चौकोन आडवा आला. ‘दहावी उत्तीर्ण’. मला फोडणारा कितवी शिकलाय, असं दगडानं कधी विचारलं नव्हतं. पण दगड सरकारी नव्हता.

म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी तो बाहेरून दहावीला बसला. पोरगी ज्योत्स्ना जुन्नरला डी.एड. करत होती. तिनंच सतरा नंबरचा फॉर्म आणला, तिनंच दोन वर्षं शिकवलं, आणि बाप पाढे चुकला की त्यानं तिला लहानपणी मारली नसेल इतकी पट्टी तिनं पाटावर आपटली. मराठी, हिंदी, इतिहास सगळं निघालं. इंग्रजी कसं निघालं ते इंग्रजीलाच माहीत. गणितात ग्रेसचे मार्क लागले आणि तिथंच संपले. उरलं शास्त्र. शास्त्रात तेहतीस. पाहिजे होते पस्तीस.

ते दोन कुठं गेले हे चांगदेवला पक्कं ठाऊक होतं. ‘कारणे द्या: पृथ्वीच्या पोटातील खडक वितळतात. गुण दोन.’ त्यानं अर्धं पान लिहिलं होतं, आणि पहिलाच शब्द होता ‘पाण्यामुळे’.

पेपर देऊन घरी आल्यावर ज्योत्स्नानं एकेक उत्तर विचारलं होतं. या उत्तराला तिनं कपाळाला हात लावला. गाईड उघडून त्याच्यापुढं धरलं. तिथं छापलं होतं, ‘प्रचंड उष्णतेमुळे’.

“गाईडवाल्यानं कधी विहीर खणलीय?” चांगदेव म्हणाला.

“बाबा, पेपर तपासणाऱ्यानं पण नाही खणलेली.”

पोरगी शहाणी होती. तिचं म्हणणं खरं ठरलं.

पाण्याची गोष्ट चांगदेवच्या डोक्यात इंद्रायणीबाईंनी घातली होती. या बाई पुण्याच्या एका कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवायच्या. आदल्या हिवाळ्यात त्या बोरीला, कुकडीच्या काठावरची पांढरी राख बघायला आल्या आणि खड्डा घ्यायला त्यांनी चांगदेवला बोलावलं. चिमूटभर राख तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या, ही इथली नव्हे, समुद्रापलीकडच्या ज्वालामुखीची, वाऱ्यानं आलेली. चांगदेवला ते पटेना. इतक्या लांब राख उडवायची तर दारू केवढी ठासली असेल? दारू नाही, बाई म्हणाल्या, पाणी. वितळलेल्या खडकात पाणी मुरलेलं असतं. तो रस वर आला, अंगावरचं ओझं हललं, की त्या पाण्याची वाफ होते आणि डोंगर फुटतो. आपल्याकडचा काळा पाषाणही असाच रस होता, पण त्यात पाणी थोडं. म्हणून तो न फुटता निमूट वाहत आला आणि थरावर थर बसला.

चांगदेव खड्ड्यात तसाच उभा राहिला. तीस वर्षं ज्याला तो शिव्या देत होता, तो पाषाण एके काळी वाहत होता म्हणे. आणि निमूट.

मग त्याला पुढचा प्रश्न सुचला. खरं तर तो दोन मार्कांचा नाही, दहा मार्कांचा होता. वितळायच्या आधी, घट्ट दगड असताना, ते पाणी कुठं होतं?

बाईंनी पिशवीतून सुपारीएवढा हिरवा दगड काढला. कच्छकडून आणलेला. ज्वालामुखीच्या रसानं तो फार खोलातून, आपल्या पायांखालच्या सगळ्या पाषाणाच्याही खालून, उचलून वर आणला होता. चांगदेवनं तो उन्हात धरला, जिभेला लावून पाहिला.

“ह्यो तर ठार कोरडा हाय.”

“दिसतो कोरडा,” बाई हसल्या. “भाकरीत मीठ दिसतं का?”

थेंब होऊन नाही, तर कणाकणात बसलेलं असतं पाणी. हजारात एखादा भाग, कधी त्याहूनही कमी. खाली उष्णता भयंकर आहे, पण वरचं ओझं इतकं की दगड तापून लाल झाला तरी घट्टच राहतो. त्याच्यात पाणी शिरलं की त्याची मूठ सैल पडते आणि एरवी ज्या तापाला तो दाद देत नाही, त्याच तापाला पाझरायला लागतो. गंमत म्हणजे, पाझर सुटला की पाणी आधी त्या रसात पळतं. मागं राहतो तो दगड कोरडा, आणि पहिल्याहून चिवट. नुसती उष्णताच कारण असती, तर सगळं पोट वितळून गेलं असतं, बाई म्हणाल्या. ते बहुतेक सगळं घट्ट आहे. वितळायच्या आणखीही तऱ्हा आहेत, ओझं हललं तरी वितळतं. पण पाणी ही मोठी करामत.

दुसऱ्या दिवशी बाईंना खोलातला ताजा दगड पाहिजे होता म्हणून त्या चांगदेवच्या चालू कामाच्या विहिरीवर आल्या. चांगदेवनं सुरुंग ठासला आणि काठावर येऊन हाक दिली. थांबला. परत हाक दिली. थांबला. तिसरी दिली, आणि पलीकडच्या बांधावर वाट राखत उभ्या असलेल्या केशरबाईचं “व्हय” आलं तेव्हाच त्यानं काडी ओढली. बाईंनी विचारलं, दोन हाका झाल्यावरही थांबलात ते का?

“हाक दिली म्हंजे काम झालं न्हाई, बाई. उत्तर आलं म्हंजे झालं. त्याबिगर काडी वढायची न्हाई.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. आपलं बोलणं कुणी वहीत लिहिलं, असं चांगदेवच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

हे सगळं त्यानं घरी केशरबाईला सांगितलं, तेव्हा ती शेंगदाणे पाखडत होती. पाखडता पाखडताच म्हणाली,

“म्हंजे पाकावानी. कोरडी साखर ठिवा चुलीवर, कडा जळत्यात, मधली बसती ढिम्म. वाटीभर पाणी घाला, लगीच विरघळती. त्यात काय एवढं?”

चांगदेवनं पेपरात हेही लिहिलं होतं. साखरेचं, पाकाचं, सगळं. तपासणाऱ्यानं वाचलं असतं तर निदान तोंडाला पाणी सुटलं असतं.

पत्राला बोर्डाचं उत्तर आलं ते सव्वा महिन्यानं. छापील चिठोरं, वर निळा शिक्का. ‘आपल्या गुणांची पडताळणी केली असता बेरीज बरोबर आढळली आहे.’

“बेरीज कुणी इचारली व्हती?” चांगदेवनं घरातल्या तिन्ही भिंतींना विचारलं. चौथ्या भिंतीला बाबासाहेबांचा फोटो होता, तिच्याकडे बघून तो खालच्या आवाजात म्हणाला, “मी जातो पुण्याला.”

गेला. एकटा नाही, केशरबाई बरोबर होती, कारण नवऱ्याची जीभ तिला माहीत होती. पिशवीत एक स्टीलची वाटी, एक ताटली आणि मूठभर ‘फुलं’. विहिरीतल्या मऊ खडकाच्या पोकळ्यांत पांढरे, चकचकीत स्फटिक सापडतात, त्यांना चांगदेवच्या टोळीत फुलं म्हणत. आठ दिवस ती चुलीमागं उबेला वाळवलेली होती. नारायणगावहून सकाळची एसटी पकडली आणि अकराला दोघं बोर्डाच्या मोठ्या कार्यालयाच्या दारात.

तीन टेबलांनी त्यांना चौथ्याकडे पाठवलं. चौथ्या टेबलावरच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून ऐकून घेतलं आणि म्हणाले, काका, दगडात पाणी कसं असेल?

चांगदेव याचीच वाट बघत होता. आवारात चहावाल्याचा स्टोव्ह भुरभुरत होता. चांगदेवनं चहावाल्याला दोन चहाची ऑर्डर दिली आणि पाच मिनिटं स्टोव्ह मागून घेतला. वाटीत फुलं टाकली, वर ताटली उपडी धरली. आधी शिपाई आला, मग टायपिंगवाल्या दोघी, मग हातात फायली घेतलेले पाच-सहा जण, ज्या फायलींचं काम त्या दिवशी तिथंच संपलं. शेवटी साहेबही आले, चष्मा डोळ्यांवर घेऊन.

फुलं तडतडली, फुगली, त्यांचे पापुद्रे सुटले. चांगदेवनं ताटली उलटी केली. आतून घाम फुटल्यासारखे थेंब.

मग टायपिंगवाली एक जण बोटानं थेंब पुसून बघत म्हणाली, अगं बाई, खरंच की.

“ह्ये वरवरचं पाणी, लगीच सुटतं,” चांगदेव म्हणाला. “खालच्या दगडातलं लई घट बसलेलं असतं. त्याला तुमचा स्टोव्ह पुरायचा न्हाई.”

साहेब वाईट माणूस नव्हता. अशा ठिकाणी वाईट माणूस परवडतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. या साहेबांनी चांगदेवच्या खांद्यावर हात ठेवला, चहाचे पैसे स्वतः दिले आणि खोलीत नेऊन कपाटातली एक कापडी बांधणीची फाइल दाखवली. तिच्यात नमुना उत्तरं होती. त्या प्रश्नापुढं दोनच शब्द.

“काका, तुमचं उत्तर बरोबर असेल,” साहेब म्हणाले. “पण आमचं उत्तर हे आहे.”

चांगदेवची मान ताठ झाली. केशरबाईनं त्याचा सदरा मागून धरला, बैलाची वेसण धरावी तसा. परतीच्या वाटेवर खेडच्या स्टँडवर तिनं काकडी घेतली, मीठ लावून अर्धी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली,

“आक्टोबरला पुन्ना बसा. आन् ह्यो सवाल आला तर त्यांना पायजे त्ये लिवा. परवाना आपल्याला पायजे, त्यांना न्हाई.”

“खोटं लिवू?”

“सावळेराम रोज झोपून बत्ती देतो त्ये खरं हाय का?”

चांगदेवनं काकडी खाल्ली.

ऑक्टोबरात प्रश्न तोच आला. शब्दानं शब्द तोच. चांगदेवच्या पुढच्या बाकावर अंगठ्याएवढ्या मिशीचा एक पोरगा सराईतपणे लिहीत होता. चांगदेवनं बाकी सगळा पेपर आधी सोडवला. मग त्या जागेवर आला आणि ‘प्र’ लिहिला. बराच वेळ नुसता ‘प्र’च राहिला. पर्यवेक्षक बाई येऊन विचारून गेल्या, काका, पाणी हवंय का?

“नगं,” चांगदेव म्हणाला. “पाणीच नगं हाय त्यांना.”

आणि त्यानं ‘प्रचंड उष्णतेमुळे’ असं लिहून पेपर उलटा टाकला.

निकाल लागला. शास्त्रात पस्तीस. काठावर, पण पास. ज्योत्स्ना जुन्नरहून गुणपत्रिका घेऊन आली ती फाट्यापासून घरापर्यंत जवळजवळ पळतच. गल्लीत बातमी फिरली. शेजारच्या लंकाबाईनं ओझरचे पेढे आणून दिले आणि म्हणाली, आता आमच्या सुनेला पण बसवते, ती तर नुसती पंचेचाळीसची आहे. सावळेरामसुद्धा येऊन गेला. मग मी झोपायचं कुठं, असं त्यानं अगदी मनापासून विचारलं. परवान्याचा अर्ज ज्योत्स्नानं भरून ठेवला. चौकोनात बरोबरची खूण केली, सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली.

चांगदेव सगळ्यांशी हसून बोलला. पेढा मात्र त्यानं अर्धाच खाल्ला. अर्जावर सही उद्या करतो म्हणाला. उद्या झाल्यावर परवा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पाव्हणे यायचे म्हणून केशरबाई चिक्की करायला बसली. तिनं कढईत साखर ओतली, चुलीत लाकूड सारलं आणि पदर खोचून स्वस्थ बसली. ज्योत्स्नानं पाण्याची वाटी पुढं केली. केशरबाईनं ती बाजूला सारली. जाळ वाढला. साखर कडेनं पिवळी पडली, मग तांबडी, मग काळी. मधली मात्र पांढरीच, ढिम्म. घरभर धूर झाला. ज्योत्स्ना खोकत दाराकडे गेली.

“आई, पाणी विसरलीस की गं.”

केशरबाईनं कढई उतरवली. उलथन्यानं जळका गोळा खरवडून बशीत काढला आणि बशी नेऊन चांगदेवपुढं ठेवली.

“घ्या,” ती म्हणाली. “तुमची प्रचंड उष्णता.”

चांगदेव गोळ्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. तिनं पदरानं हात पुसले, कोनाड्यातून अंतर्देशीय पत्र काढलं, पाट त्याच्यापुढं सरकवला आणि रिफिलीचं पेन पाटावर ठेवलं.

“परवाना गेला तर?” त्यानं विचारलं.

“लिवा. पर भोकं नका पाडू.”

ज्योत्स्ना दारातून परत आत आली, तेव्हा आई दुसरी साखर घालत होती, या वेळी पाण्यासकट, आणि बाप पाटावर वाकला होता. तिनं मागं उभं राहून वाचलं. मध्येच हसू आलं ते दाबलं. एक वेलांटी चुकली होती, ती तिनं सांगितली नाही. परवान्याचा अर्ज तिनं उचलून गुणपत्रिकेसकट घडी करून फडताळात ठेवला; फाडला नाही.

पत्रात असं होतं:

‘मार्चमध्ये मी खरं उत्तर लिहिलं. तुम्ही शून्य दिलंत. ऑक्टोबरात मी खोटं उत्तर लिहिलं. तुम्ही दोन दिलेत. हे दोन माझे नव्हेत. ते परत घ्या आणि मार्चचे माझे दोन मला द्या. पस्तीसचे पस्तीसच राहतील, म्हणजे तुमची बेरीज बिघडणार नाही. तुम्हाला बेरजेची काळजी आहे हे मला माहीत आहे.

तुमचे परत घेतलेत आणि माझे दिले नाहीत, तर मी नापास होईन. चालेल. मी पुन्हा बसेन, आणि पुन्हा पाणीच लिहीन. परवान्याच्या अर्जावर तोवर सही करणार नाही.

आमच्या कामात बत्ती देण्याआधी तीन हाका देतात. पहिली मी पत्रानं दिली. दुसरी तुमच्या आवारात येऊन दिली. तेव्हा थेंब तुम्ही स्वतः पाहिलेत. ही तिसरी. हाक दिली म्हणजे काम होत नाही, पलीकडून उत्तर आलं म्हणजे होतं. मी काठावर उभा आहे, काडी माझ्या खिशात आहे आणि मला घाई नाही.

पृथ्वीच्या पोटातील खडक कशामुळे वितळतात? कारण द्या. गुण दोन.’